हळदीच्या हंगामातले विमान

सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. हिंगोलीहून आणलेले खोके मी ओट्यावर ठेवले आणि सुतळी कापण्यासाठी विळा मागितला. प्रकरण तेथून सुरू झाले. वेळ नेमकी सांगता येते, कारण ती मी खोक्यावर लिहिली होती. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक उपकरणावर आगमनाची तारीख आणि वेळ लिहिण्याचा माझा नियम होता. नोकरी संपली, नियम संपवण्याचे कारण दिसले नाही.

आज हे आठवले ते वासामुळे. कालपासून शिरड शहापूरच्या शिवारात हळद शिजवण्याचे कुकर पुन्हा पेटले आहेत. शिजत्या हळदीचा वास ज्याने घेतलेला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. स्वयंपाकघरातील डब्याशी त्याचे नाते फार दूरचे आहे. ओली माती, उकडलेला कंद, वैद्याच्या जुन्या कपाटातील फळी आणि थोडा धूर एकत्र केल्यास जे होईल, त्याच्या आसपास. वाफ वर जात नाही. ती जमिनीलगत सरकत गावात येते, गल्ल्यांतून फिरते, आणि कोणाच्याही घरात शिरताना कडी वाजवत नाही. या दिवसांत सगळे पिवळे होते. हळकुंडांच्या मोडणीला गेलेल्या बायांचे हात, चहाच्या कपांचे कान, पाण्याच्या बाटल्यांची झाकणे, मोबाइलच्या काचा. लग्नसराई सुरू होण्याआधीच संपूर्ण गावाला हळद लागलेली असते. पिवळेपणाकडे मग कोणी लक्ष देत नाही. ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

खोक्यात विमानाची पेडले होती.

मी विमानात कधी बसलेलो नाही. पंखाच्या वरून जाणारी हवा, खालून जाणारी हवा, दोहोंच्या दाबातील फरक. ही आकृती मात्र मी नोकरीभर फळ्यावर काढत आलो. ‘सर, तुम्ही हे पाहिले आहे का’ असे एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही. विचारले असते तर अडचण झाली असती. निवृत्तीनंतर संगणक घेतला तेव्हा ही राहिलेली पडताळणी करावी असे ठरवले. विमान चालवण्याचा सराव देणारा कार्यक्रम संगणकावर विनामूल्य मिळतो. त्यासाठी हाताचा दांडा आधीच घेतला होता. दांड्याने विमान वर-खाली जाते आणि कलते. पण जमिनीवर धावताना नाक सरळ ठेवायचे, तर सुकाणू पायांनी चालवावे लागते. त्याची ही दोन पेडले.

एवढ्यासाठी मी ती आणली नसती. कारण दुसरे होते.

माझी पत्नी इंदुमती दिवाळीत ओट्याच्या पायरीवरून घसरली आणि तिचा डावा घोटा मोडला. डिसेंबरअखेर प्लास्टर निघाले. आत जो पाय होता तो लाकडासारखा ताठ. हिंगोलीच्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाईंनी तो हातात घेऊन सांगितले की पंजा रोज वर-खाली करायचा, पुष्कळ वेळा करायचा. हळदीच्या दिवसांपर्यंत सांधा मोकळा झाला नाही तर तो तसाच राहील आणि काठी कायमची येईल. इंदुमतीने ऐकून घेतले. घरी येऊन तिने दोन दिवस पंजा हलवला आणि तिसऱ्या दिवशी थांबली.

“बसल्या जागी पाय हालवायला मी काय पाळण्यातलं लेकरू हाय?” ती म्हणाली.

मी समजावले. मी समजावलेले वर्गात मुले ऐकत असत. त्यांना परीक्षा होती.

परीक्षा तिलाही होती, पण ती डॉक्टरबाईंनी ठेवलेली नव्हती. आमची हळद शिजते तेव्हा कुकरपाशी इंदुमती उभी असते. लग्न होऊन आली त्या वर्षापासून, कढईत शिजवत होते तेव्हापासून, असे चालत आले आहे. झाकण कधी काढायचे हे ती सांगते. ते इतरांना कळत नाही असे नाही. हळकुंडात काडी टोचली आणि ती सहज आरपार गेली की झाले. पण सांगायचे तिने, हा घरचा रिवाज. आखाडा, म्हणजे शेतातील खळ्याची जागा, गावाबाहेर आहे. ओढा उतरायचा, चढायचा आणि पुढे बांधावरून जायचे. बांध अरुंद आहे. त्यावर पाऊल तिरके पडते आणि घोटा वळावा लागतो. न वळणाऱ्या घोट्याने बांध चालता येत नाही. त्यात कुकर भाड्याचा; तो गावात नंबराने फिरतो. आपला नंबर आला त्या दिवशी शिजवायचे. खणलेली हळद कोणाच्या पायासाठी थांबत नाही.

“ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेऊ,” मी एकदा सुचवले.

“ट्रॉलीत भरून न्यायला मी काय हळदीचे गड्डे हाय?”

तो विषय तिथे मिटला. डॉक्टरबाईंनी घरी शिलाई मशीन आहे का, असेही विचारले होते. पायडल मारल्याने असाच व्यायाम होतो म्हणाल्या. शिलाई मशीन नव्हते. मला सुकाणूची पेडले हवी होती आणि तिच्या पंजाला काम हवे होते. दोन गरजा एका खोक्यात मावत असतील तर शिक्षकाचे मन तिकडे वळते.

इंदुमतीने खोक्यात डोकावून पाहिले.

“हे काय आणलं?”

“विमानाची पेडले.”

“अन् विमान कुठंय?”

“संगणकात.”

तिने एक पेडल बोटाने दाबून पाहिले. मग म्हणाली, “शेजारच्या सरुबाईच्या माळ्यावर शिलाई मशीन पडून हाय. मागितली असती तर तिनं आनंदानं दिली असती. तुमी विमान आणलं.”

“शिलाई मशीनला एकच पायडल असते. दोन्ही पाय स्वतंत्रपणे चालत नाहीत.”

“माझा एकच पाय मोडलाय.”

मी सुतळीची गुंडाळी करून ठेवली.

माझ्या संगणकावर लिनक्स ही मुक्त प्रणाली आहे. कारण तत्त्वाचे आहे. विकतच्या प्रणाली सुरुवातीलाच लांबलचक अटी दाखवतात आणि ‘मान्य आहे’ हे बटण दाबायला सांगतात. मी अटी वाचतो. वाचल्यावर त्या मान्य होत नाहीत. मुक्त प्रणालीला मालक नाही. तिची घडण कोणालाही उघडून पाहता येते आणि बदलता येते. याचा दुसरा अर्थ असा की काही अडल्यास तक्रार करायला कोणी सापडत नाही; ती स्वतःकडेच करावी लागते आणि स्वतःच निकालात काढावी लागते.

दांडा लावला होता तेव्हा तो क्षणात ओळखला गेला होता. पेडलांची पिन लावली आणि काहीच झाले नाही. विमानाच्या कार्यक्रमातील उपकरणांच्या यादीत दांडा होता. पेडले नव्हती.

आमचा सालगडी मारोती चहाला आला होता. तो उकिडवा बसून पाहत होता. “सर, ह्याच्यावर पाय ठिवला की इमान हालतंय व्हय?”

“हलले पाहिजे.”

“मंग काहून हालून राहिलं न्हाई?”

“संगणकाने पेडले अजून ओळखलेली नाहीत.”

मारोतीने बशीतला चहा संपवला. “नवीन हाय. दोन-चार दिस दाणापाणी करा. वळख पटंल. बैलाचं बी असंच अस्तंय.”

शोध घेतला. संगणकात एक काळी खिडकी असते. तीत आज्ञा टंकून प्रणालीला प्रश्न विचारता येतात. विचारल्यावर कळले की पेडले पोचली आहेत, त्यांची नोंदही आहे, पण प्रणालीने त्यांना कल मोजण्याचे यंत्र मानले आहे. जमीन तिरपी आहे की सपाट, हे सांगणारे. तिचा तर्क सरळ होता. खेळाच्या उपकरणाला बटणे असतात. या वस्तूला एकही बटण नाही. ती केवळ तीन दिशांना हलते. मग ती कल मोजणारीच असणार. पेडलांना बटण कशाला असेल? पण नियम लिहिणाऱ्यापुढे त्या दिवशी पेडले नसावीत.

मला या तर्काचा राग आला नाही. तो परिचयाचा होता. पेन्शनसाठी दरवर्षी मी हयातीचा दाखला देतो. तेथील यंत्र माझा अंगठा घेते आणि नाकारते. खडूने झिजलेल्या अंगठ्यावर रेषा उरलेल्या नाहीत. मी समोर उभा असतो, यंत्र चालवणारा माझा विद्यार्थी असतो, तो मला ‘नमस्कार सर’ म्हणतो आणि मग मी जिवंत नसल्याचे सांगतो. यंत्र माणसाला त्याच्याकडे काय नाही त्यावरून ओळखते. गावाची रीत वेगळी. पाहुणा आला की ओट्यावरची माणसे दोन प्रश्न विचारतात: कुठले, आणि कोणाकडे. एवढ्यावर ओळख पुरी होते. इंदुमतीला माहेरी पुसेगावला अजूनही म्हातारी माणसे तिच्या वडिलांच्या नावाने हाक मारतात. तिचे स्वतःचे नाव विचारण्याची त्यांना कधी गरज पडली नाही.

उपाय असाच निघाला. प्रणालीत एक नियम लिहून ठेवायचा: अमुक घराण्याची, अमुक नावाची वस्तू आली तर तिला कल मोजणारी समजू नये, खेळाचे उपकरण समजावे. घराणे म्हणजे बनवणाऱ्याचा क्रमांक, नाव म्हणजे वस्तूचा क्रमांक. दोनच ओळी. त्या मी शुद्ध लिहिल्या. फाइलला मात्र सुरुवातीला एक अंक द्यावा लागतो, आणि त्या अंकाच्या क्रमाने प्रणाली नियम वाचत जाते. मी नव्व्याण्णव दिला. नव्याने आलेल्याने पंगतीच्या टोकाला बसावे, वडीलधारी माणसे बसलेली असताना मध्ये घुसू नये, असे आमच्याकडे शिकवले जाते.

नियम लागू झाला नाही. निदान पूर्ण झाला नाही. प्रणाली पेडलांना खेळाचे उपकरण म्हणू लागली, पण वापरण्याची परवानगी मला देईना. घरात घेतले आणि पाणी विचारले नाही, असा प्रकार.

येथपासून तपासणीचे काम सुरू झाले आणि ते इंदुमतीकडे गेले. माझी पाठ टेबलाखाली वाकत नाही. मी पडद्यासमोर बसे. पेडले तिच्या बाजेपुढे ठेवलेली असत, लांब वायरने जोडलेली. ती मांडीवर सूप घेऊन तूर निवडत बसे. मी नियमात एक फेरफार करी, पिन काढून पुन्हा लावी आणि सांगे.

“डावे दाब.”

“दाबलं.”

“सोड. उजवे.”

“दाबलं.”

“आता दोन्ही, आळीपाळीने. थांबू नकोस.”

“दाबून राहिले ना. विमान हाललं का?”

“नाही.”

“मंग काय बदललं?”

“एक स्वल्पविराम.”

सूप थांबत नसे. खडे एका बाजूला पडत, तूर दुसऱ्या बाजूला. बाहेर ट्रॅक्टर जमीन उलटवत होते. बाया गड्ड्यांपासून हळकुंडे मोडत होत्या. तो आवाज शेंगा मोडल्यासारखा येतो. गावातील पहिला कुकर पेटल्याचे वासावरून कळले, आणि त्या दिवशी तिने विचारले, “आपला नंबर कधी हाय?” मी सांगितले. तिने पायाकडे पाहिले. भिंत धरून स्वयंपाकघरात गेली. मी दुसरा स्वल्पविराम बदलला.

शेवटी मी जगभरच्या लिनक्सवाल्यांच्या एका मंचावर पत्र लिहिले. विषय, संदर्भ, केलेल्या कार्यवाहीचा तपशील आणि ‘आपला विश्वासू’ असे सगळे त्यात होते. तेथे कोणी असे लिहीत नाही, हे नंतर कळले. कुठल्यातरी थंड देशातील एका गृहस्थाने उत्तर दिले. त्याचे नाव टोपणनाव होते. त्यावरून तो वैमानिक आहे की खाटीक, हे कळायला मार्ग नव्हता. त्याने लिहिले: नव्व्याण्णव चालणार नाही. साठच्या नियमात वस्तूची जात ठरते, सत्तरच्या नियमात परवानगी वाटली जाते. तुझा नियम या दोहोंच्या मध्ये हवा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मला तो माणूस आवडला.

म्हणजे माझा नियम पंगतीच्या टोकाला नम्रपणे बसला होता आणि वाढपी त्याआधीच वाढून गेले होते. मी नव्व्याण्णव खोडून पासष्ट केले. मनाला पटले नाही, तरी केले.

“डावे दाब.”

“दाबलं.”

पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकली.

“ओळखले,” मी म्हणालो.

“कोणाला?”

“पेडलांना.”

“मंग इतके दिस मी कोणाचे पाय दाबून राहिले होते?”

दुसऱ्या दिवशी सकाळी उड्डाण करायचे ठरले. पण त्या सकाळी मला हिंगोलीला जावे लागले. हळद भरायला पोती हवी होती आणि मोंढ्याच्या बाजारात ती पाहून घेतल्याशिवाय मी आणत नाही. दुपारी परतलो, पिन लावली. पेडले नव्हती. खेळाचे उपकरण म्हणून नव्हती, कल मोजणारी म्हणूनही नव्हती. यादीतून त्यांचे नावच गेले होते. पिन पूर्ण आत बसत नव्हती. ते मी घट्टपणाचे लक्षण मानले.

दोष माझ्या नियमाचा, असे मी धरून चाललो. पासष्टचा अंक मला पहिल्यापासून खटकत होता. नियम पुसून पुन्हा लिहिला. प्रणाली अद्ययावत केली. मग ती आधी होती तशी केली. इंदुमती पुन्हा बाजेवर, सूप मांडीवर.

“डावे दाब.”

“दाबलं.”

“उजवे.”

“दाबलं. कालच्याला वळखत होतं, आज काहून न्हाई?”

“तेच पाहतो आहे.”

“सुनबाईसारखं झालं. पह्यल्या दिवशी गोड, दुसऱ्या दिवशी वळख न्हाई.”

मारोती आत डोकावून जाई. एकदा तो म्हणाला, “सर, काकूला दिसभर नुसतं दाब-दाब म्हणून राहिले. इमान बसूनच हाय.” इंदुमती म्हणाली, “विमान बसू दे. सर बसले की उठत न्हाईत, तू तुझं काम कर.”

मंचावरील गृहस्थाला कळवले. त्याने विचारले, दुसऱ्या खाचेत लावून पाहिले का? पाहिले होते. मग त्याने विचारले, पिन स्वच्छ आहे का? प्रयोगशाळा चालवलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणे अनावश्यक होते. मी लिहिले, निःसंशय. इंदुमती त्या वेळी बाजेवरच होती. मी प्रश्न मराठीत वाचून दाखवला. तिने सुपातील तूर अधिक बारकाईने पाहायला सुरुवात केली. ही गोष्ट मी पाहिली आणि तिचा अर्थ लावला नाही.

कुकर आमच्या आखाड्यावर आला त्या सकाळी हे सगळे उघडे झाले. मारोती काड्या आणि पाचट रचायला पुढे गेला होता. इंदुमतीला तेथे कसे न्यायचे, याचा निर्णय झालेला नव्हता. ती त्याविषयी बोलत नव्हती आणि मी विचारत नव्हतो. करण्यासारखे दुसरे काही नसल्याने मी पिन हातात घेतली. खिडकीपाशी ऊन होते. भिंग लावून पाहिले.

पिनेचे तोंड पिवळे होते. वायरही पिवळी होती, पण वायर मी रोज पाहत होतो. त्या दिवसांत काय पिवळे नव्हते? हे पिवळे निराळे. आत खोलवर बसलेले, वाळलेले, आणि त्यात लाल ठिपका. त्याच्या मागे, तांब्याच्या पट्ट्यांवर आडवा, तांदळाचा एक कण.

“इंदुमती.”

“काय?”

“याला हळदकुंकू लावले?”

सूप थांबले. “तुमी हिंगोलीला गेलते तवा.”

“का?”

“काहून म्हंजे? नवीन गाडी आणली की पूजा केल्याबिगर कोणी बसतं का? हे तर विमान हाय. बसायच्या आधी करावी म्हणून केली.”

“पूजा करायची तर पेडलांवर करायची. पिनेच्या तोंडात कशाला?”

“मंग काय पायाला कुंकू लावू? त्येला कपाळ कुठंय? एका टोकाला पाय, मधी शेपटी. म्हनलं ज्या टोकानं घरात शिरतंय तेच तोंड असंल. तोंडालाच लावली.” मग थोड्या वेळाने, “तुमाला चालत न्हाई म्हणून वरचं पुसून टाकलं होतं.”

तिचा तर्क प्रणालीच्या तर्काहून कमी दर्जाचा नव्हता. मी स्पिरिटचा बोळा आणि दाभण घेतले, तांदळाचा कण काढला, कुंकू काढले, हळद काढली. हळद पूर्ण निघत नाही. हे येथे कोणालाही सांगावे लागत नाही. पिन लावली. ती पूर्ण आत बसली. यादीत नाव आले. पासष्टचा नियम पहिल्यापासून बरोबर होता.

मंचावर मी एका ओळीत कळवले: अडथळा हळदीचा होता. गृहस्थाने विचारले, पिनेत हळद कशी आली? मी लिहिले, धार्मिक कारण. त्याने पुढे काही विचारले नाही. समजूतदार माणूस.

पडद्यावर नांदेडची धावपट्टी उभी केली. दांडा माझ्या हातात, पेडले इंदुमतीच्या पायांखाली. इंजिन सुरू झाले. मी सांगितले, नाक उजवीकडे जाऊ लागले तर डावे दाब, डावीकडे गेले तर उजवे. ती म्हणाली, ठाऊक हाय, पंधरा दिस तेच चाललंय. विमान धावू लागले. नाक उजवीकडे गेले. तिने उजवे दाबले. विमान धावपट्टी सोडून गवतात उतरले, कुंपण ओलांडले आणि एका हिरव्या सपाट जागेत जाऊन थांबले.

“हे कोणाचं वावर?” तिने विचारले.

“कोणाचे नाही. चित्र आहे.”

“पेरलंय काय?”

“काही नाही.”

“इतकं वावर, अन् पेरलं काही न्हाई.” ती पडद्याकडे पाहत राहिली. त्याच वेळी खिडकीतून वास आला. ओला, दाट, ओळखीचा. आमच्याच आखाड्यावरचा. “झालं का उडवून?” ती म्हणाली. “तिकडं मारोतीनं कुकर पेटवला. मला न विचारता झाकण काढंल तो.”

ती उठली. पेडले बाजूला सारली, पदर खोचला, ओट्यावर आली, आणि जिच्यावरून पडली होती ती पायरी उतरली. भिंत धरली नाही. मी आतून पाहत होतो. मला हाक मारावीशी वाटली. काय म्हणून मारावी हे ठरेपर्यंत ती गल्लीच्या वळणाला पोचली होती.

तेव्हा मी हिशेब मांडला. त्या सगळ्या दिवसांत मी किती वेळा ‘दाब’ म्हणालो असेन आणि तिने किती वेळा दाबले असेल. त्यांतील एखाद-दुसरेच संगणकापर्यंत पोचले होते. घोट्यापर्यंत सगळी पोचली होती.

यंदा प्रणालीची नवी आवृत्ती आली. माझा पासष्टचा नियम तीतही टिकला. मी तपासून पाहिले. मी एकटाच अधूनमधून नांदेडहून उडतो. नाक दोन्ही पायांनी सरळ ठेवतो आणि पंखाची आकृती खरी आहे, इतके आता खात्रीने सांगू शकतो. उड्डाण संपले की पेडले इंदुमतीच्या बाजेपुढे परत जातात. थंडीच्या दिवसांत तिचा घोटा धरतो. ती तूर निवडते आणि डावे-उजवे दाबत राहते. पिन लावलेली नसते. लावू का, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, “काहून? वळखलं काय अन् न वळखलं काय, दाबायचं मलाच हाय.” आज सकाळी चहाआधीच ती आखाड्यावर गेली.

गेल्या वर्षी, ती पायरी उतरून गेली त्या दिवशी मात्र, मी संगणक बंद केला, ओट्यावर गेलो आणि घरातील हातांची लाकडी खुर्ची उचलली. तिला दिवसभर उभे राहवणार नाही. बसायला काही हवे. खुर्ची डोक्यावर घेऊन ओढा उतरलो, चढलो. बांधावर दोन ठिकाणी माझेच पाऊल घसरले. पुढे चिखलात तिच्या पावलांचे ठसे होते; डावे उजव्याइतकेच खोल. आखाड्यावर पोचलो तेव्हा ती वाफेत उभी होती. हातात काडी होती आणि ती मारोतीला सांगत होती की हळद कच्ची आहे, घाई करू नको, तुझ्या लग्नाची हळद न्हाई ही. मी खुर्ची वाऱ्याच्या वरच्या बाजूला, सपाट जागा पाहून ठेवली.

“बस,” मी म्हणालो.

“ही कशाला आणली?”

“बसायला.”

“तुमी बसा. तुमचेच पाय थरथरून राहिले.”

मी बसलो नाही. तीही बसली नाही. कुकरची पहिली पिंपे उतरली, दुसरी चढली. वारा फिरला, वाफ खुर्चीवरून जात राहिली आणि बैठक हळूहळू ओली झाली. बाया येऊन तिच्या पायाची चौकशी करत, आणि ती प्रत्येकीला विमानाचे काहीतरी निराळेच सांगत होती. दिवस कलला तेव्हा शेवटची खेप पसरून झाली. ती बायांच्या घोळक्यासोबत बोलत बांधावरून पुढे गेली. मी खुर्ची पंच्याने पुसली, डोक्यावर घेतली आणि घरी आणून जागेवर ठेवली.